गोठ्यातली हलकी बॅटरी

॥ श्री ॥
जळकोट,
दि. ९ ऑक्टोबर १९७२

चि. सौ. द्वारकास हिंमतदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की माझं नवं धोतर काल एसटीत वारलं. गुडघ्याच्या वर रुपयाएवढं भोक. मारेकरी तुमच्याच घरचा आहे.

तुझ्या नवऱ्याच्या मोटारीची ती बॅटरी दर पंधरवड्याला उमरग्याला चार्जिंगला न्यायचं काम मी कोणत्या मुहूर्तावर पत्करलं, कोण जाणे. कंडक्टरनं तिचं सामानाचं तिकीट फाडलं. मी म्हटलं, तिकीट काढलंय तर तिला खिडकीची जागा द्या. सगळी गाडी हसली, जागा कुणी दिली नाही. मग मांडीवर घेतली. येणेगूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली आणि बॅटरीबाईनं माझ्या मांडीवर ॲसिड सांडलं.

पुण्यात तुमच्या दोन खोल्यांत मोटार मावत नाही, म्हणून ती माझ्या गोठ्यात. गुरं दुष्काळी छावणीत गेल्यानं जागा रिकामी आहे, हेही खरं. पण छप्पर कापलेली, पत्रे सोललेली ही हेरल्ड वर्षभर दावणीला उभी राहणार आणि जानेवारीत त्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीत दोन दिवस पळणार. तेवढ्यासाठी पाहुण्यांनी लष्करी लिलावातून विमानातली हलकी बॅटरी शोधून आणली. मोटार हलकी तर वेग जास्त, हे मला पटतं. पण हलकीच्या पोटात साठाही थोडाच. नुसती बसून राहिली तरी मलूल होते. शिवाय तिला पाणी लागतं ते बाटलीतलं, डिस्टिल्ड. गाव टँकरकडं डोळे लावून बसलंय, आणि हिचे हे लाड.

धोतराचं बब्रुवानरावांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटलं तर माझी तक्रार वाया जाईल. मायेत कमी पडू नये.

तुझा,
हिंमतदादा


पुणे,
दि. २ नोव्हेंबर १९७२

ती. दादांच्या चरणी द्वारकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

धोतर गेल्याचं वाचून मन भरून आलं. पण ते नवं होतं, हे काही पटलं नाही. माझ्या लग्नातल्या फोटोत तुम्ही तेच नेसलेले दिसता.

भाऊबीजेला यंदा येणं होत नाही. सासूबाईंचे पाय सुजलेत. पाकिटात कुंकू आणि अक्षता आहेत, वहिनीला ओवाळायला सांगा. ओवाळणी मात्र मी मागून घेणार. साडी नको. दादा, ती बॅटरी मरू द्या.

मागच्या जानेवारीत यांची मोटार उलटली, तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. अर्धाच ऐकू आला आणि फोन कटला. उरलेला अर्धा कळेपर्यंत मी कपाळावरचं कुंकू चाचपत जिन्यात बसले होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, एवढंच. पण तो जिना मी अजून उतरलेली नाही.

यांना अडवणं मला जमत नाही. जड बॅटरी बसवून पळण्यापेक्षा मी घरी बसेन, असं हे स्वतःच म्हणतात, आणि तसली हलकी पुन्हा मिळायची नाही. तुम्हाला काही करायचं नाही दादा. नुसतं करायचं थांबवा.

वहिनीस नमस्कार. धाकटीला पदरात घेतलं तसंच ठेवा.

आपली,
द्वारका


जळकोट,
दि. १० नोव्हेंबर १९७२

चि. सौ. द्वारकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीनं तुझ्या नावानं ओवाळलं आणि कुंकू माझ्या कपाळापेक्षा चष्म्यालाच जास्त लावलं.

काही न करण्याचं काम रीतसर सोपवणारी तू पहिलीच. सोसायटीचा सचिव म्हणून मला त्याचा सराव आहे. आमच्या संचालक मंडळानं तर त्यात हयात घालवली. तेव्हा ओवाळणी पोचली असं समज. उमरग्याची फेरी बंद, बाटलीतलं पाणी बंद.

आपली दगडाबाई गुरं नसतानाही सवयीनं गोठा झाडायला येते. काल विचारत होती, की मोटारीला पाणी पाजायचं इसरलात का मालक. मी म्हटलं, आता लागत नाही. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी मी बैलाला उपाशी बांधल्यावर बघेल.

तुझं भय मला कळतं. पण गोठ्यात गेलो की हल्ली मी त्या कोपऱ्याकडं पाठ करतो. आहे तो जिव्हाळा राहू दे.

हिंमतदादा


पुणे,
दि. १२ डिसेंबर १९७२

ती. हिंमतरावदादांस बब्रुवानचा सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही बॅटरीला जे जपता, त्याबद्दल लिहायला मला येत नाही. लेथवर हात चालतो तसा कागदावर चालत नाही. तरी एक मागणं आहे.

दसऱ्याला आलो तेव्हा मी मोटारीत डाव्या बाजूची बैठक परत बसवली. तोल सांभाळायला, असं तुम्हाला सांगितलं. ते खरं नव्हतं. ती बैठक द्वारकासाठी आहे. शर्यती संपल्या की शेवटच्या संध्याकाळी घरच्या माणसाला बसवून एक फेरी मारू देतात. बैठकीनं वजन वाढणार, ते कुठून तरी काढायचं, म्हणून आधीच हलकी बॅटरी शोधत फिरलो.

इतकी वर्षं पळतो, पण तिनं एकदाही बघितलं नाही. त्या दोन दिवसांत ती देव पाण्यात घालून बसते. मागच्या जानेवारीत उलटलो तेव्हा मला हाडाची नाही, तिला कोण कसं सांगेल याची भीती वाटली. घरी आल्यावर तिनं शब्दानं विचारलं नाही. ते न विचारणं रोज आमच्या ताटाशी येऊन बसतं.

तुम्ही तिला विचाराल का? ती नको म्हणाली तर मी पळणं सोडीन. पण एकदा तिनं शेजारी बसून नको म्हणावं.

लहानावर लोभ असू द्या.

आपला,
बब्रुवान


जळकोट,
दि. २० डिसेंबर १९७२

चि. सौ. द्वारकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिलेली ओवाळणी भाऊ परत घेत नाही. मी घ्यायला निघालो होतो, हे आधी कबूल करतो. तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मी बॅटरी उचलून उमरग्याला चार्जिंगवाल्या शांतलिंगच्या दुकानात गेलो. म्हटलं, हिला उठव. त्यानं झाकणं फिरवली, आत बघितलं, वास घेतला आणि विचारलं, की हिला कुठल्या विहिरीवर नेलं होतं. आत पांढरा खार साचला होता. म्हणाला, नुसती उपाशी राहिली असती तर कदाचित उठवली असती, पण हे असलं पाणी पोटात गेल्यावर न्हाय जमायचं.

घरी येऊन चौकशी केली. दगडाबाईनं न लाजता सांगितलं, की व्हय, म्याच पाजलं. मालक इसरले, मुकं जनावर मागणार कसं? म्हणून टँकर आला, की ती आपल्या वाट्यातलं तांब्याभर आणून, माझं बघून शिकल्याप्रमाणे झाकणं उघडून, वरून वाहीपर्यंत ओतत होती. तर तुला हवं होतं ते झालं. माझ्या आळसानं नाही, तिच्या मायेनं.

आता निरोप. मोटारीत डावीकडं जी नवी बैठक आहे, ती तुझी आहे. तुला शेजारी बसवून एक फेरी मारावी, एवढ्यासाठी त्या माणसानं पत्रा पत्रा सोलून वजन काढलंय आणि तुला विचारायला तो घाबरतोय. तू नको म्हणालीस तर पळणं सोडणार आहे, हेही लिहितो. मला मध्यस्थी येत नाही, मी फक्त पोचवतो. दोघं इकडं या. सोसायटीचा ट्रॅक्टर डिझेलवाचून उभाच आहे, त्याची जाडजूड बॅटरी मी आणून ठेवतो. आपल्या सडकेवर बसून बघ, आणि मग म्हणायचं ते म्हण.

माझ्यावर रागाव, पण ये.

हिंमतदादा


पुणे,
दि. ८ जानेवारी १९७३

ती. दादांच्या चरणी शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. तिथं तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

ट्रॅक्टरची बॅटरी माझ्या पायाशी दोरीनं बांधली होती. तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून, पदर डोक्याला घट्ट गुंडाळून मी डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा जळकोट मागं पडलं होतं. दादा, मला वाटायचं हे राक्षसासारखे हाकत असतील. यांचा चेहरा तर असा, जसा डोक्यावर भरली घागर घेऊन चालणाऱ्या बाईचा असतो. कडेनं दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेल्या बाया दिसल्या, की लांबूनच वेग कमी. धूळ उडू नये म्हणून. घरात भांडी आपटणारा माणूस हाच का, असं वाटलं.

येणेगूरच्या पुढं मी सांगितलं, की बॅटरी मारायला दादांना मीच सांगितलं होतं. हे इतके हसले, की मोटार बाजूला घ्यावी लागली. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग मीही. मागच्या जानेवारीबद्दल आम्ही तिथं सडकेच्या कडेला पहिल्यांदा बोललो. परतताना मीच म्हटलं, जरा जोरात घ्या. म्हणाले, जड बॅटरीनं ही मनासारखी पळत नाही. मी म्हटलं, असू दे, पळवा.

हलक्या बॅटरीवाचून यंदाची शर्यत हुकली. पुढच्या हिवाळ्यासाठी दुसरी हलकी बॅटरी शोधायला मीच यांना बजावलंय. मी घरी बसणार नाही. धावपट्टीच्या कडेला उभी राहीन, आणि घाबरले तर तिथंच घाबरेन.

वहिनीला नमस्कार. लेकीसारखं आठवत राहा.

आपली,
द्वारका


जळकोट,
दि. १७ जानेवारी १९७३

चि. सौ. द्वारका व बब्रुवानराव यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोटार पुन्हा दावणीला आहे. ट्रॅक्टरची बॅटरी परत केली. ती गेली होती हेच संचालकांच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळं आभार मानायची वेळ आली नाही.

तुम्ही सडकेला लागलात, तेव्हा दगडाबाई माझ्याजवळच उभी होती. मोटार दिसेनाशी झाली तरी हात कपाळावर धरून बघत होती. मग मला म्हणाली, बघितलंत का मालक, पाणी पाजलं म्हणून पळाली. आता खडीवर सगळ्या बायांना हेच सांगत असते, आणि बाया तिला मान देतात. मी दुरुस्ती केली नाही. खोटं तरी काय आहे? तिनं पाणी पाजलं नसतं, तर बॅटरी उठली असती आणि तू या सडकेवर आली नसतीस.

परवा टँकर आला, तेव्हा ती कामावर होती. मी आपल्या वाट्याच्या दोन घागरी उचलल्या. तुझी वहिनी दारात होती, ती बाजूला झाली. दगडाबाईच्या रांजणात त्या रिकाम्या केल्या, वर झाकण ठेवलं आणि मागच्या बोळानं घरी आलो.

तुमचा लोभ आहे, तो असाच नांदू द्यावा.

हिंमतदादा