क्वान्टाइझ मी केलं

२ फेब्रुवारी
कीबोर्ड वर्कस्टेशन आलं. दुकानदार त्याला सिंथ म्हणतो, ही पेटी म्हणते. पेटी नव्हे. एकसष्ट पट्ट्या, आत हजारभर वाद्यं, आणि कॉम्प्युटरला जोडलं की एक माणूस अख्खा ऑर्केस्ट्रा. तो माणूस मी.
तूर्त जेवणाच्या टेबलावर ठेवलंय. जेवायचं कुठे, असं हिने विचारलं. कलेसमोर असले प्रश्न गौण असतात, असं सांगितलं. जेवण ओट्यापाशी उभ्याने झालं.
लेकीचा नाचाचा पहिला स्वतःचा कार्यक्रम एप्रिलमध्ये. ती संगीताला माणूस शोधत होती. शोध थांबव म्हणालो. ती म्हणाली, बाबा, बघू. म्हणजे ठरलं. तिच्या पहिल्या कार्यक्रमाला बापाचं संगीत नसेल तर बाप हवा कशाला?

५ फेब्रुवारी
मॅन्युअल वाचणार नाही. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं, बारीक अक्षरं लोकांकडून वाचून घेतली, आता स्वतः वाचायची नाहीत.
प्रत्येक सूर दोनदा वाजतो. भरगच्च वाटतं. महागड्या वस्तूचं असंच असतं.

८ फेब्रुवारी
मेहुणा येऊन गेला. म्हणाला, सूर दोनदा वाजतो कारण एकदा तो कीबोर्ड स्वतः वाजवतो आणि एकदा कॉम्प्युटरकडून फिरून येतो. एक बटण बंद केलं, सूर एकदाच वाजू लागला. मला आधीचंच बरं वाटत होतं, पण पाहुण्याचं मन मोडवत नाही.
त्याने आणखी एक सांगितलं. कॉम्प्युटर आवाज साठवत नाही. कुठली पट्टी, कधी, किती जोरात दाबली, एवढंच टिपून ठेवतो. वाद्य नंतर बदलता येतं. मला माहीत होतंच.

१९ फेब्रुवारी
क्वान्टाइझ सापडलं! वेडावाकडा वाजवलेला सूर हे बटण कानाला धरून तालाच्या रांगेत उभा करतं. शेजारीच दुसरं बटण आहे, ते बेसूर पट्टीला जवळच्या सुरावर ढकलतं. म्हणजे आजवर मला जे जमत नव्हतं तो माझा दोष नव्हताच, बटणाचा अभाव होता.
चार बार, म्हणजे चार आवर्तनं, तयार. ट्रम्पेट घातलाय. लेकीला फोनवर ऐकवला. तिने विचारलं, बाबा, पाठीमागे गाडी रिव्हर्स घेतायत का?

२६ फेब्रुवारी
कॉफी सांडली. जास्त नाही, मधल्या एका पांढऱ्या पट्टीवर. हिला कळू दिलं नाही. वाळल्यावर पिवळट डाग राहिला.
संध्याकाळी ही म्हणाली की पेटीवर धूळ बसलीय, पुसते. स्पष्ट बजावलं, कोणीही हात लावायचा नाही. नाजूक यंत्र आहे. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मी सहसा जिंकलेलो असतो.

३ मार्च, सकाळ
हेडफोन लावले, रेकॉर्ड दाबलं, बसलो. काही सुचेना. समुद्र डोळ्यांसमोर आणला. तरी नाही. दुकानातून फोन, एका आजोबांना नव्या चष्म्यातून जिना हलताना दिसतोय. हेडफोन तसेच जोडलेले सोडून उठलो.

३ मार्च, संध्याकाळ
घाईत लिहितोय म्हणून अक्षर खराब.
घरी आलो तर रेकॉर्डिंग चालूच. सकाळी बंद करायला विसरलो होतो. सुरुवातीला शांतता, भरपूर शांतता. मग अचानक सूर! खालून वरपर्यंत एक लांब लाट, मग दोन छोट्या, मग पुन्हा लांब. मधोमध एकच सूर, परत परत, हट्टाने, जोर वाढत गेलेला. क्वान्टाइझ केलं, बेसूर पट्ट्या ढकलल्या, वर पियानो लावला. अंगावर काटा आला.
मी हे वाजवल्याचं मला अजिबात आठवत नाही. तंद्री लागली असणार. खऱ्या कलावंताचं असंच होतं म्हणतात. समुद्र आलाच शेवटी.
टेबल आज विशेष चकचकीत दिसत होतं. आनंदात सगळंच चकचकीत दिसतं.

७ मार्च
लेक आली. तिला पूर्ण चार मिनिटं ऐकवली. ट्रम्पेटपाशी तिने फोन पाहिला. लाट आली तशी फोन उलटा ठेवला. पुन्हा लाव म्हणाली. मग पुन्हा. मग विचारलं, बाबा, हे तुम्ही कसं वाजवलंत? समुद्राविषयी सांगितलं, मधला सूर म्हणजे खडकावर डोकं आपटणारी लाट, हेही सांगितलं. ती स्वयंपाकघराकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मी काही कमी बोलत नाही.
म्हणाली, हे मला हवंय. फक्त हे. बाकी सगळं काढा.
ट्रम्पेटही? ट्रम्पेट आधी.

१२ मार्च
दुसरा भाग हवाच. एका लाटेवर माणूस किती जगणार? आठवडाभर रोज तंद्री लावतोय. काल लागली. ही उठवायला आली तेव्हा गालावर पट्ट्यांचे वळ होते. रेकॉर्डिंगमध्ये एकच लांब सूर निघाला.

२४ मार्च
तालमीला गेलो. जायला नको होतं. माझ्या समुद्रावर सहा मुली हातात फडकी घेऊन जमीन पुसतायत! लांब हात, दोनदा छोटा, पुन्हा लांब. मधल्या सुराला सगळ्या एका जागी बसून जीव खाऊन घासतायत.
लेकीला बाजूला घेऊन समजावलं की खडक आहे, डाग नाही. ती हसली आणि म्हणाली, बाबा, मला ऐकू येतंय ते मी करतेय. आजकालच्या मुलांना खोली कळत नाही. तरी माघार घेणार नाही. संगीत माझं ते माझंच.

११ एप्रिल, संध्याकाळ, सभागृह
पत्रिका हातात आली. त्यावर छापलंय, संगीत: आई.
छपाईची चूक. दारावरच्या मुलीला सांगितलं, दुरुस्त करा. ती म्हणाली, ताईंनी स्वतः तपासून दिलंय. म्हणजे चूक मोठी आहे. कार्यक्रम संपला की बघतो एकेकाला.

१२ एप्रिल
टाळ्या थांबत नव्हत्या. हे आधी लिहितो, कारण ते खरं आहे.
नाच चालू असताना शेजारी ही बसली होती. अंधारात तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर फिरत होता. लांब, दोनदा छोटा, पुन्हा लांब. मधल्या सुराला हात थांबला आणि बोट एकाच जागी घासू लागलं. तिचं लक्षच नव्हतं. माझं होतं.
घरी येऊन विचारलं. म्हणाली, हो, त्या दिवशी तुम्ही दुकानात गेल्यावर पुसली पेटी. आवाज काही आला नाही, मला वाटलं बंद आहे. नाही म्हणाला होतात म्हणून सांगितलं नाही. आणि त्या एका पट्टीवर कसला डाग पाडून ठेवलात, घासून घासून हात दुखला.
लेकीला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. लहानपणी ती टेबलाशी अभ्यासाला बसायची आणि आई ओटा पुसायची, रोज अशीच. तो फडक्याचा आवाज बंद झाला की आई आता आपल्याजवळ येणार, हे कळायचं.
मी त्याच घरात होतो. मला कधी ऐकू आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
पण क्वान्टाइझ मी केलं होतं. पत्रिकेत त्याचा उल्लेख हवा होता. यावर मी ठाम आहे.

१३ एप्रिल, सकाळ
ही आणि लेक आत बोलत होत्या. ओट्यावरचं फडकं उचललं, रेकॉर्ड दाबलं, आणि खालून वरपर्यंत पेटी पुसली. लांब, दोनदा छोटा, पुन्हा लांब. डागही घासला. क्वान्टाइझ केलं. पियानो लावला. ऐकलं.
गाडी रिव्हर्स घेतल्यासारखं वाटतंय. शिवाय पट्ट्यांत पाणी गेलं.
ही दारातून बघत होती. म्हणाली, अहो, फडकं आधी पिळून घ्यायचं असतं.
उद्या पिळून घेणार.