चवथीला नको म्हटलेली दाढी

बाबा, तुमचा नातू सैन्याच्या भरतीत पास झाला. येत्या सोमवारी तो ट्रेनिंगला जाणार, आणि काल त्याच्यासाठी डिचोलीच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली, काळी, दोन कड्यांची. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा तो पाळण्यात होता. हे पत्र कुठल्याही पेटीत टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे आणि ती मी नीट क्रमाने सांगणार आहे.

मी स्वतः ट्रेनिंगला निघालो त्याच्या आदल्या दिवसापासून सुरुवात करतो. पेडण्याच्या बाजारातलं आपलं सलून, दोनच खुर्च्या. एका खुर्चीत मी बसलोय आणि तुम्ही माझे केस बारीक करताय. दुसऱ्या खुर्चीत कोरगावचे काजूवाले काका तोंडाला साबण लावून वाट बघतायत. आरशाशेजारी आरोग्य केंद्रातल्या बाईंनी दिलेला एड्सचा कागद चिकटवलेला आहे. तो वाचल्यापासून तुम्ही गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड घालायला लागलात, बाजारात सगळ्यांच्या आधी. भरतीला जाणाऱ्या प्रत्येक पोराला खुर्चीत धरून चार गोष्टी स्पष्ट सांगायचात. माझी पाळी आली तेव्हा मात्र तुम्ही मान वळवलीत आणि त्या सत्तर वर्षांच्या काकांनाच सांगायला लागलात. "सुट्टीच्या दिवशी चार जणांच्या नादान खंय जाव नकात. आणि गेलातच, तर निरोध घेतल्याशिवाय नाय. एकदाच म्हणान सोडूचो नाय." काका साबणातून ओरडले, "अरे, माका कित्याक सांगतस? माझी बायल मरान बारा वर्सां झाली!" "कोणाक तरी सांगूक होयां मरे," तुम्ही म्हणालात आणि माझं डोकं पुढे दाबलंत. मला हसू आवरेना. ऐकलं मात्र सगळं.

ऐकलं, पण पाळलं नाही. पहिल्याच पोस्टिंगला एका रविवारी आउटपास मिळाला आणि आम्ही पाच जण शहरातल्या बायकांच्या वस्तीत गेलो. बाकीचे जात होते म्हणून मी गेलो. मागे राहिलो असतो तर बराकीत आठवडाभर टिंगल झाली असती, एवढंच कारण. मी ज्या बाईकडे गेलो तिने निरोध मागितला. माझ्याकडे नव्हता. मी हसलो, आणि तिने वाद घातला नाही. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पुढच्याच आठवड्यात मेडिकलच्या सुभेदारसाहेबांनी आमचं लेक्चर घेतलं. रक्त तपासून खात्री व्हायला तेव्हा तीन महिने थांबावं लागे. मी दिवस मोजत होतो आणि मधेच गणपतीची, चवथीची सुट्टी लागली.

चवथीच्या आदल्या सकाळी तुम्ही सलूनमधली खुर्ची झटकलीत, टॉवेल हातात घेतलात. "बस." मी म्हटलं, "नको, माझी मी करतंय." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक बोललाच, "मिलिटरीवाल्याक आता आमचो वस्तरो चलना!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. टॉवेलाची घडी घातलीत, ती पुन्हा मोडलीत आणि टॉवेल दुसऱ्याच्या गळ्याभोवती बांधलात. दुपारी जेवताना आईला म्हणालात, "ताका माझो हात नको झालो." मी समोरच होतो, भात कालवत राहिलो. बाबा, तुमच्या डाव्या अंगठ्याला कायम ब्लेडच्या बारीक चिरा असायच्या. माझं रक्त त्या चिरांना लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तपासणी स्वच्छ निघाली. पुढच्या सुट्टीत मी न सांगता खुर्चीत जाऊन बसलो, तुम्ही न बोलता दाढी केलीत, आणि नंतर प्रत्येक सुट्टीत करत आलात. कारण तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

या विषयाची पुस्तकं मी पुढे स्वतः मिळवली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. कुणी शिकवलं नाही. युनिटमध्ये नवी पोरं आली की लेक्चर द्यायला डॉक्टरसाहेब मलाच उभं करायचे. लाकडी दांड्यावर निरोध चढवून दाखवताना मी कधी अडखळलो नाही. पण घरच्या पोरापुढे चार दिवस तोंड उघडेना. शेवटी काल पेटी घेऊन येताना वाकडी वाट करून मयेच्या तळ्यापाशी स्कूटर थांबवली आणि सरळ लेक्चरच सुरू केलं, पहिल्या मुद्द्यापासून. त्याने ऐकून घेतलं. "पप्पा, ह्यां आमका शाळेत शिकयलां. तारीख बघूची, पाकिटात दडपून ठेवूचो नाय, गरमेन खराब जाता." एकही चूक नाही. मला बरं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. मग तो तळ्याकडे बघत म्हणाला, "पूण चूक झालीच तर तुमका सांगू? काय मार खावचो लागतलो?"

शेकडो पोरांना शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याला सांगितलं, त्याच दिवशी सांग. आता बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर लागण टाळता येते. त्या अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात, आणि जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं. आधी डॉक्टर, मग मी. मार नाही. त्याचा विश्वास बसावा म्हणून माझा तो रविवारही सांगितला, चवथही सांगितली. तो तळ्याकडून माझ्याकडे वळला.

"आजोबांक सांगल्यात?"

"ना."

"सांगूक होयां होतां."

म्हणून सांगतोय. तुमचा हात मला कधीच नको झाला नव्हता. आणि अजून एक, हे मी त्यालाही बोललो नाही. त्या चवथीला माझी मी केलेली दाढी मला जमली नव्हती. कल्ले एक वर, एक खाली राहिले होते. आरतीच्या वेळी तुम्ही सारखे माझ्याकडे बघत होतात. तो राग आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता वाटतं, तुम्ही कल्लेच बघत होतात, आणि तुमचा हात शिवशिवत होता.