आधी समोरच्याचं म्हणणं

लाडक्या धाकट्या,

सलाम आणि खूप माया. आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकलाही कमी आहे.

काल ह्यांच्या बैठकीला हिंदू-मुसलमान, दोन्ही धर्मांची माणसं आली. नियम तोच: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगायचं, मगच आपलं. शिंपी वैतागला, "मास्तर, भांडायला आलो आणि ह्याचीच वकिली करतोय!" सगळे हसले. हे मात्र घरी येऊन न जेवताच झोपले. थकलेत रे. मीही.

शाळेतून येताना माझं बोट न सोडणारा तू, वर्षभर अबोला धरलायस. तुझं म्हणणं मी सांगून बघते. तुझ्या मेहुण्यांनी, म्हणजे ह्यांनी, आपल्या मुसलमानांच्या चुका परक्यांसमोर बोलून दाखवल्या आणि टोमणे अम्मीला ऐकावे लागले. असंच ना?

अम्मी नीट जेवते का?

माझं चुकलं असेल तर रागावून दुरुस्त कर, पण लिही.

तुझीच,
आपा