सहा स्क्रूची फळी

नागपूर,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना हर्षाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गळ्याच्या नळीचं औषध संपत आलं असेल तर तुमचे जावई भूपेश रविवारी उमरेडला आणून देतील. तंबाखूचा खर्रा खरंच सुटला की यमुताईंना चकवून राहिलात, ते मला त्यांच्याकडून कळेलच. शेजारीण तुमची असली तरी हेर माझी आहे.

आता पुढचं बसून वाचा.

नोव्हेंबरपासून नंदनवनात एका नव्या बंगल्याचं काम करते आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मालकांना दारातून शिरल्या शिरल्या जुन्या पद्धतीची देवडी हवी आहे. दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, वर कोरीव गणेशपट्टी, दिव्यांसाठी कोनाडे आणि छातीच्या उंचीपर्यंत सागवानी फळ्यांच्या भिंती. त्या फळ्या मात्र नवीन नकोत. इतवारीतल्या जुन्या घराच्या ओसरीवजा सपरीला लावलेल्याच काढून इथे बसवायच्या, कारण तसं काम करणारा हात आता मिळत नाही, असं ते म्हणाले. त्यांचं नाव मी तुमच्यापासून लपवलं होतं. मारोतराव. हो बाबा, तेच.

त्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता आडनावही सोनकुसरे नाही, निमजे आहे. मी काम नाकारणारच होते. मग वाटलं, तुमच्या हातच्या फळ्या कोणी परक्यानं सब्बल घालून उचकटण्यापेक्षा मीच सोडवाव्यात.

काल जुन्या घरातल्या कोनाड्याखालची फळी काढली. मागून काहीतरी घरंगळत माझ्या पायाशी आलं. कोळ्यांची जाळी, चुन्याचे पापुद्रे, आणि त्यात काळंठिक्कर पडलेलं चांदीचं निरांजन. बुडाशी नाव कोरलेलं, पुष्पलता. म्हणजे त्यांच्या बायकोचं.

ते तिथंच होतं. एकवीस वर्षं तुमच्याच फळीमागे.

कारागीर जेवायला गेले होते, कोणी पाहिलं नाही. मी ते ओढणीत गुंडाळलं आणि घरी आणलं. तर आता त्या घरची चांदी सोनकुसऱ्यांनी खरोखरच उचलली आहे. मला लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

गृहप्रवेश गुढीपाडव्याला आहे. शंभर-दीडशे माणूस येईल. त्या माणसाचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मी करीन.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
हर्षा


उमरेड,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. हर्षास ताराचंदचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. यमुताईनं पुसलं, काय झालं गा भाऊ. पाटीवर लिहून देलं, डोळ्यात कचरा गेला. गळा गेला तवापासून मी बोलत होतो तसाच लिहून राहिलो, म्हणून माह्या पत्रात शाळेतली भाषा पाहू नको.

तुले मालूम नाही ते सांगतो. त्या दसऱ्याले निरांजन भेटून नाही राहिलं म्हणून घरात गोंधळ झाला, तवा मी मारोतरावले त्याच घडीले सांगितलं होतं. कोनाड्यापाशी भिंत पोटात गेलेली आहे, फळीच्या मागं चार बोटं फट आहे, निरांजन तिकडंच घसरलं असन. एक फळी खोलू द्या, सहा स्क्रू आहेत, पाच मिनिटं लागतीन. हात जोडले मी. थो म्हणाला, कालच पॉलिश झालं, सोनं द्यायले पाहुणे येऊन राहिले, तुह्यासारख्यासाठी माही भिंत खोलू काय?

मंग त्यानं माही पिशवी उलटी केली. रंध्याचं पातं तुटलं. मंग साऱ्या लोकाईसमोर खिसे उलटे करायले लावले. खर्र्याची पुडी निघाली तं लोकं हासले. मी एक एक अवजार उचललं. तू मले काटकोनाचा गुण्या उचलून देला होता. तुले आठवते का नाही, मी कधी पुसलं नाही.

माग बंद पडले तवा मोठ्या हौसेनं हाती रंधा घेतला होता. बाप-दादाचं विणकाम गेलं, पण लाकडात नाव करीन म्हटलं होतं. त्या दिवसानंतर नागपुरात एका दारानं मले आत घेतलं नाही. माह्यं सोड. तुही आई हळदीकुंकवाले जाणं सोडली. चोराची बायको मैनाबाई आली का बाया वाटी-चमचे आत सरकवत. हे तिनं मले एकदाच सांगितलं, अन् मरेपर्यंत दुसऱ्यांदा नाही.

त्याले काय बोलायचं ते मी रोज जुळवत होतो वं. रंधा मारताना, जेवताना, आंघोळ करताना. एक एक शब्द घासून ठेवला होता. अन् आता बोलायची वेळ आली तं गळ्याले भोक आहे.

काय करायचं ते विचार करून कळवतो. घाई नाही. निरांजन घासू नको, काळंच राहू दे.

भूपेशले अन् लेकराईले आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुह्या बाप
ताराचंद


नागपूर,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना हर्षाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

गुण्या आठवतो. माझ्या हाताला त्याची धार लागली होती. तुम्हाला दिसू नये म्हणून मूठ आवळून घरी आले होते.

देवडी आकार घेऊ लागली आहे. तुमच्या फळ्यांचं जुनं पॉलिश खरवडलं तर खालचं सागवान अजून मधासारखं निघालं. एकही फळी वाकलेली नाही. सांधे इतके घट्ट की माझा मिस्त्री चंद्रभान विचारत होता, हे कोणी बसवलं असेल. मी म्हटलं, होता एक. मारोतराव पाहुण्यांना घेऊन येतात, फळीवर हात फिरवतात आणि म्हणतात की आमच्या खानदानी घराचं लाकूड आहे. मी शेजारी उभी असते.

खरं सांगते, माझ्या मनात वाईट आलं. मागची पट्टी वाळवी लागलेल्या लाकडाची घालावी. दोन वर्षांत सगळी भिंत आतून पोकळ होईल आणि बाहेरून कळणारही नाही. एक लाकूड वखारीतून तसं बाजूलाही काढून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. पुष्पलताकाकू फार चांगल्या आहेत. रोज स्वतः चहा आणतात, मी उन्हात उभी दिसले की रागावतात. परवा सहज म्हणाल्या की पूर्वी त्यांच्या आईनं दिलेलं निरांजन होतं, ते असतं तर या कोनाड्यात ठेवलं असतं. ते कपाटात ठेवून मी त्यांच्या हातचा चहा पिते. मारोतरावही सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले आहेत. भूपेश म्हणतात, निरांजन एकांतात देऊन टाक, खरं काय ते सांग आणि मोकळी हो.

तुम्ही काय म्हणता? रागावू नका, पण लवकर लिहा.

तुमच्याच वळणाची
हर्षा


उमरेड,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हर्षास अनेक आशीर्वाद.

ते वाळवीचं लाकूड आजच्या आज चुलीत घाल. लाकडानं आपलं काय बिघडवलं? उद्या लोकं म्हणतीन, ताराचंदची पोरगी खराब काम करते. म्हणजे त्यानं मले एकदा बदनाम केलं अन् दुसऱ्यांदा तू करशीन. देवडी अशी बांध का त्याले रोज येता-जाता पाहा लागली पाहिजे, अन् कोणाच्या हातची आहे ते रोज आठवलं पाहिजे.

चहाचं म्हणशीन तं पी. बाईचा गुन्हा नाही. पण जावईबापूले सांग, एकांतात नाही. मले एकांतात चोर म्हटलं होतं काय? दीडशे लोकाईसमोर म्हटलं. तं साफ बी दीडशे लोकाईसमोरच होईन. त्याचे गुडघे दुखतात म्हणते. तुह्या आईचं काय काय दुखत होतं ते त्यानं पुसलं होतं काय?

मी येणार नाही. त्याच्या उंबरठ्यावर मी पाय ठेवत नाही, अन् मुक्या माणसाचा तमाशा होईन ते वेगळं. पाडव्याच्या आधी माही जुनी पिशवी भूपेशच्या हाती पाठवतो. आत चिठ्ठी आहे. पाडव्याच्याच दिवशी, त्याच्या समोर उघडजो अन् मोठ्यानं वाचजो. तुह्या आवाज माह्या समजून वाच. आधी पाहू नको, नाही तं तुले दया येईन. तू आईवर गेली.

देवडीचा उंबरठा सागाचाच घाल, दुसरं लाकूड नको.

लोभ तुह्या आहे तसाच राहू दे.

ताराचंद


नागपूर,
३१ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना हर्षाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल झालं. क्रमानं लिहिते.

गुढी उभारली, पूजा झाली. देवडी माणसांनी भरली होती, कट्ट्यांवर बसायला जागा नव्हती. मारोतरावांनी माझं कौतुक केलं आणि शाल-श्रीफळ घ्यायला बोलावलं. मी म्हटलं, आधी मला कोनाड्यात एक वस्तू ठेवायची आहे. निरांजन ठेवलं, काळंच. पुष्पलताकाकूंनी लांबूनच ओळखलं. बुडाचं नाव चाचपून पाहिलं आणि विचारलं की हे कुठे मिळालं गं बाई. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, तुमच्या जुन्या घरात, कोनाड्याखालच्या फळीमागे. ज्यानं ती फळी बसवली त्याला याच निरांजनासाठी चोर ठरवलं होतं. त्याचं नाव ताराचंद सोनकुसरे आणि मी त्याची मुलगी.

बाबा, सगळ्यांच्या माना तुमच्या फळ्यांकडे वळल्या.

मारोतराव कसेबसे हसले. म्हणाले की फार जुनी गोष्ट आहे, माणसाकडून चूक होते, सणाच्या दिवशी कशाला, सावकाश बोलू. मग मी पिशवी पुढे आणली आणि चिठ्ठी उघडली. आवाज कापू दिला नाही. तुम्ही लिहिलं होतं तसंच्या तसं वाचलं: मारोतराव, तुमच्या पाहुण्याईसमोर ही पिशवी उलटी होऊन राहिली. तवा अवजारं मी उचलली होती, आता तुम्ही उचला. मंग पिशवी घेऊन उमरेडले माह्या दारी या. नोकर पाठवू नका.

आणि मी पिशवी उलटी केली. नव्या फरशीवर केवढा आवाज झाला! हातोडी कट्ट्याखाली गेली.

त्यांचा मुलगा पियूष धावून आला, मला बाहेर व्हा म्हणाला. तेवढ्यात पुष्पलताकाकू मध्ये आल्या. मुलाला मागे सारलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या की मी त्या दिवशी तुम्हाला फळी खोला म्हटलं होतं, आता उचला.

ते खाली बसले. एक हात कट्ट्यावर, एक फरशीवर. हातोडीसाठी त्यांना पार आडवं व्हावं लागलं. टोपी पडली. कोणी मदत केली नाही. मला वाटलं होतं, आता मला दया येईल. तुम्हीही तसंच लिहिलं होतं. पण करवत माझ्या पायाशी होती तरी मी ती त्यांच्याकडे सरकवली नाही. त्यांनी वाकून घेईपर्यंत थांबले. मी आईवर गेले नाही, बाबा.

शाल घेतली नाही. निघताना काकूंच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेवढं एक मला लागून राहिलं आहे.

ते उमरेडला येतात की नाही कोण जाणे. आलेच तर सगळं मला कळवा.

तुमचा आवाज झालेली
हर्षा


उमरेड,
८ एप्रिल २०२५

चि. सौ. हर्षास ताराचंदचे अनेक अनेक आशीर्वाद.

आला होता. रविवारी, बारा वाजता, चांगल्या उन्हात. गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून कोपऱ्यापासून पिशवी खांद्यावर घेऊन पायी आला. यमुताई, समोरची कामिनी, सारे ओट्यावर. मी खाटेवरून उठलो नाही.

दारात उभा राहिला. म्हणाला, ताराचंद, चुकलो, माफ कर. मी पाटीवर लिहिलं, पिशवी ठेवा. ठेवली. मी चादर हातरली अन् एक एक अवजार मांडलं. रंधा, करवत, हातोडी, गुण्या, भोकं पाडायचा सामता, सारं. मंग पाटीवर लिहिलं, बारा होते, अकरा आहेत, खाचा पाडायची पटाशी नाही. यमुताई माह्यं सारं मोठ्यानं वाचते, तुले माहीत आहे. गल्लीभर ऐकू गेलं.

थो म्हणाला, जितके पडले तितके सारे उचलले, मी काहून ठेवू तुही पटाशी. मी लिहिलं, खिसे पाहू.

यमुताई वाचताना अडखळली. मी पाटीवर बोट ठेवलं, वाच म्हणून. वाचलं तिनं.

हर्षा, त्यानं खिसे उलटे केले. रुमाल, चष्म्याची डबी, बीपीच्या गोळ्या, खडीसाखर. म्हणाला, देवाशप्पथ मी नाही घेतली, घरी जाऊन धुंडतो, माह्यावर विश्वास ठेव. असंच मी बी त्याच्यासमोर बोललो होतो. माह्या वेळेस लोकं हासले होते. त्याच्या वेळेस कोणी हासलं नाही. मले ते थोडं कमी वाटलं, खरं सांगतो.

मंग थो गेला. खिसे तसेच बाहेर लोंबत होते, आत घालायचं बी ध्यान राहिलं नाही. रोज त्याचा फोन येते यमुताईच्या मोबाईलवर. गाडीत पाहिलं, माळ्यावर पाहिलं, नाही भेटली, नवी आणून देऊ काय म्हणते. मी नाही म्हणून मान हालवतो, यमुताई सांगते.

लोकं म्हणतात, सूड घेऊन माणसाले चैन पडत नाही. मले पडलं. गळा गेला तवापासून, दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली. भाकर बी पोटात गेली.

आता तुले एकटीले सांगतो. पटाशी माह्या उशाखाली आहे. पिशवी तुह्याकडे धाडली, त्याच्या आदल्या दिवशी मीच काढून ठेवली होती. आता बी ती हाती घेऊन बसलो. धार लावून ठेवली, पण तिनं काही कराची इच्छा होत नाही. चांगलं केलं का वाईट, ते तू मले लिहू नको. भूपेशले सांगू नको. त्या बाईले तं बिलकुलच नाही, तिनं तुह्या पाठीवर हात ठेवला होता.

अन् त्याले खरं सांगायचं का नाही, ते मी गेल्यावर तू ठरव. मी जिवंत आहे तवरोक त्याले धुंडू दे.

ऊन वाढलं, दुपारी कामावर उभी राहू नको. बापावरचा जीव कमी करू नको.

तुह्या
ताराचंद