पाणी खाणारी गाडी

अनुजा,

तू झोपली आहेस आणि मी बाजारात निघालोय, म्हणून लिहितोय. उन्हाळ्याआधीचं गाडीचं सगळं काम तू एकटीने केलंस, हे आईचं म्हणणं मला पटेना. सकाळी खाली जाऊन बॉनेट उघडलं. कूलंट खुणेपर्यंत, बॅटरीची टोकं लख्ख, कालबैशाखीची वादळं सुरू व्हायच्या आधी नवे वायपर! काचबिंदूने शिल्लक ठेवलेल्या नजरेने कसून चूक शोधली, सापडली नाही. माझी किल्ली टीव्हीजवळ ठेवलीय. आता तीही तुझीच.

बंगालात वाढलीस तरी मराठी मात्र सुधार. म्हणे ‘गाडी पाणी खात होती’! पाणी बंगालीत खातात, आपण पितो. आपण खातो तो भाव, आणि तो मी आज पार्किंगमध्ये शेजारच्या मुखर्जीबाबूंसमोर तुझ्या जिवावर पोटभर खाल्ला.

— बाबा