मिठाच्या पाण्याच्या तिसऱ्या वाटीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बालविज्ञान मेळावा समिती,
मराठी स्नेहवर्धक मंडळ,
शास्त्री नगर, जयपूर.

विषय: परीक्षकांनी माझ्या प्रयोगात बोटे धुतल्यामुळे फेरतपासणी मिळणेबाबत.

संदर्भ: ६ डिसेंबरच्या मेळाव्यातील माझ्या गुणपत्रकावरील 'प्रयोग बंद पडला' हा शेरा.

महोदय,

मी कु. ज्ञानदा राघव देवस्थळी, इयत्ता अकरावी विज्ञान, राहणार वैशाली नगर. प्रयोग बंद पडला नाही, तो पाडला गेला, हे आपल्या निदर्शनास आणून देत आहे.

१. माझा विषय 'ग्राफीनच्या इलेक्ट्रोडचा सुपरकपॅसिटर' हा होता. ग्राफाइट, मतलब पेन्सिलीतले शिसे, चिरोट्यासारखे थरांवर थर असते. एकच थर सुटा केला की ते ग्राफीन. त्याच्या पृष्ठभागावर विजेचा भार झटकन जमतो, त्यामुळे बॅटरीसारखी तासन्‌तास वाट पाहावी लागत नाही. जोहरी बाजारातल्या एका सोनारभैयांकडे दागिने धुण्याचे थरथरणारे मशीन आहे. त्यात मी दिवाळीची अख्खी सुट्टी साबणाच्या पाण्यात ग्राफाइट सुटे करत बसले. तो काळा लगदा स्टीलच्या जाळीच्या पट्ट्यांवर थापला आणि मिठाच्या पाण्याच्या तीन वाट्यांत पट्ट्यांच्या जोड्या, मध्ये कागद घालून, उभ्या केल्या. वाट्या तारेने एकापुढे एक जोडल्या आणि बॅटरी क्षणभर लावून भार भरला. लाल दिवा लागला. हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिला.

२. त्यानंतर परीक्षक मा. श्री. राजन खांडवेकर हे प्याज कचोरी खात माझ्या टेबलाशी आले. कचोरी संपली. त्यांनी तेलकट बोटे माझ्या तिसऱ्या वाटीत बुचकळली, चांगली चोळली, आणि विचारले, "अरे, लिंबू नाही टाकलं?" मी म्हणाले, "काका, ते इलेक्ट्रोलाइट आहे!" ते म्हणाले, "मग झाकण ठेवायचं ना, बेटा." त्यांच्या बोटांनी पट्ट्यांमधला कागद सरकला, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आणि दिवा विझला. त्यांनी माझ्या तक्त्याच्या कोपऱ्याला बोटे पुसली आणि त्याच बोटांनी वरील शेरा लिहिला. गुणपत्रकावर पिवळा डाग आहे. क्षमस्व, पण शी!

३. मी तोंडी तक्रार केली असता कार्यवाह सरोजिनीताई म्हणाल्या, "अगं, मोठ्यांचे हात कधी उष्टे असतात का?" याचे उत्तर वाटीत आहे. वर तेलाचा तवंग, खाली धण्याचे दाणे, आणि एक चिवट काहीतरी, ज्याचे नाव मला रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडले नाही. आईने ती फ्रीजमध्ये ठेवू दिली नाही. बाल्कनीत ठेवली, तर मुंग्यासुद्धा लांबून जातात.

४. घरी मी नवीन मिठाचे पाणी घेतले, पट्ट्या धुतल्या, मध्ये कोरा कागद घातला. दिवा पुन्हा लागला. म्हणजे दोष इलेक्ट्रोडचा नव्हता. दोष कोणाचा होता हे लिहू नकोस, असे बाबांनी सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही.

५. मला ढाल नको. पण पहिल्या क्रमांकाला पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या शिबिराला पाठवतात आणि तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या लगद्यात खरोखर एकेका थराचे ग्राफीन आहे, की नुसताच पेन्सिलीचा भुगा, हे जयपुरात मला कोणीच सांगू शकत नाही. महोदय, मला ते बघायचे आहे. भुगा निघाला तरी चालेल, पण ते सूक्ष्मदर्शकाने सांगावे, कचोरीने नव्हे.

६. तरी शिबिराची नावे जाण्यापूर्वी माझी फेरतपासणी व्हावी. तपासणीआधी परीक्षकांनी नाश्ता उरकून घ्यावा. साबण मी आणीन. समितीला इतकेही जमत नसेल, तर मेळाव्याच्या नावातला 'विज्ञान' हा शब्द काढून 'फराळ' घालावा, म्हणजे पुढच्या मुलांची फसवणूक होणार नाही.

आपली नम्र, पण हात धुतलेली,
ज्ञानदा देवस्थळी
१७ डिसेंबर २००९

सहपत्रे:
१) गुणपत्रक, डागासह.
२) वाटी, झाकण लावून. (उघडण्याआधी खिडकी उघडावी.)

पालकांचा शेरा व सही (नियमानुसार आवश्यक):

खांडवेकर साहेब ऑफिसात ह्यांचे वरिष्ठ आहेत, तेव्हा ह्यांच्या सहीसाठी थांबू नये. मी शेजारीच उभी होते. साहेबांना नळ कुठे आहे ते मी दोनदा सांगितले होते. मुलीने लिहिले आहे ते खरे आहे.

सौ. गिरिजा राघव देवस्थळी (पालक)