आत्याचा मान

३ जून, मंगळवार
आत्या डुक्कर घेऊन गेली! माझ्या निरोपाच्या जेवणासाठी पोसलेलं. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. भावाच्या घरातलं हवं ते उचलायचा बहिणीला हक्क — अख्ख्या टोंगा बेटांवर या रिवाजाला कुणी हात लावत नाही. वर मला म्हणते, "पुण्यात डुक्कर कोण वाढणार तुला? आत्तापासून सवय मोड."

५ जून, गुरुवार
आज माझी पुण्याला न्यायची बॅग नेली. चाकांची, नवी. दादाने ऑस्ट्रेलियात संत्री तोडून त्या बॅगेसाठी पैसे पाठवले होते. "माझ्या सुनेला बाळंतपणाला लागेल," म्हणे.
बाबा मागे चुलीपाशी जाऊन बसले. बहीण घरात आली की भावाने आत थांबायचं नाही. कुबडीवर लंगडत बाहेर गेले. साखरेने पाय नेला, रीत काही सुटली नाही. मी आत्यावर ओरडले, तर बाबा मलाच रागावले. "आत्याशी असं बोलतात, उंगातेआ?"

८ जून, रविवार
चर्चच्या दारात, सगळ्या बायकांसमोर आत्या म्हणाली: "ही औषधांचं शिकायला पुण्याला निघालीय. बापाला सुई कोण टोचणार, ते विचारा हिला."
तळपायाची आग मस्तकात गेली. खरं बोलली म्हणून जास्तच. आई नाही, दादा तिकडे. सुई मी टोचते, आंघोळ मी घालते. मला ठाऊक नाही का हे?

१० जून, मंगळवार
चटया. आईने विणलेल्या. सगळ्या.

११ जून, बुधवार
बाबा म्हणाले, "तू जा. माझं मी बघेन." त्यांना सुईवरचे आकडेसुद्धा दिसत नाहीत. मी बरं म्हटलं आणि मागे जाऊन रताळ्याचा निम्मा वाफा उपटून टाकला. रडू येत होतं. राग बरा.

१२ जून, गुरुवार
ठरलं. शिष्यवृत्ती नको म्हणून सोमवारी कळवते. आत्याच्या मनासारखं झालं. आता नाचावं तिने.

१३ जून, शुक्रवार
आत्या दोन मुलग्यांना घेऊन टेम्पोतून आली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आता काय उरलंय न्यायला?
तिने चुलीकडे बोट दाखवलं. "तो."
मुलग्यांनी बाबांना उचलून टेम्पोत बसवलं. बाबा रडत होते, पण नको म्हणाले नाहीत. सुई सून टोचेल. एका छपराखाली भाऊ-बहीण नकोत, म्हणून आत्या स्वतःचं घर त्यांना देऊन लेकीकडे राहायला चाललीय.
जाताना म्हणाली, "या घरात आता तुझं काही काम नाही. नीघ."